जुनी आरामखुर्ची आधी उलटी करा, मग भाव बोला

लांब हातांची आरामखुर्ची दुकानात नेहमी दर्शनी जागी असते. वेत नवा, पॉलिश चकचकीत, आणि दुकानदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दीडशे वर्षांची आहे, ब्रिटिशांच्या काळातली." असेलही. पण हे समोरून कळत नाही. पुढची बाजू दर दहा-पंधरा वर्षांनी कोणी ना कोणी घासून नवी करतं. खालच्या बाजूला कोणी पॉलिशचा पैसा घालवत नाही, त्यामुळे वय, डागडुजी आणि लबाडी तिन्ही तिथे सापडतात. खुर्ची उलटी करू न देणाऱ्या दुकानातून घेऊच नका. "वेत तुटेल" हे कारण चालत नाही, कारण नीट विणलेला वेत उलटा केल्याने तुटत नाही.

मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि गोव्यातली जुनी घरं रिकामी होताना बाहेर पडणारं सामान, या सगळ्यात फिरून फिरून चारच जाती दिसतात: लांब हातांची आरामखुर्ची, वाकवलेल्या लाकडाची झुलती खुर्ची, मागे दांडी असलेली कलती खुर्ची आणि शिसवाची कोरीव खुर्ची. पहिल्या दोन जातींचा माल सर्वात जास्त आणि फसगतही त्यांतच जास्त, म्हणून त्यांच्यावर इथे जास्त जागा खर्च केली आहे.

सोबत न्यायचं सामान खिशात मावतं: टॉर्च, नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च, बाटलीभर स्पिरिट, कापसाच्या काड्या, जाडी मोजायचा कॅलिपर आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा.

लांब हातांची आरामखुर्ची

इंग्रजीत प्लांटर्स चेअर, गोव्यात वॉल्तेर, आपल्याकडे नुसती आरामखुर्ची. विलायती लिलावांच्या याद्यांत तिला 'बॉम्बे फॉर्निकेटर' असं एक अश्लील टोपणनावही आहे. ते वाचून कोणी जास्त पैसे मोजत असेल तर त्याची हौस. पाठ आणि बैठक यांची एकच बाकदार चौकट, तिच्यावर सलग वेताची जाळी, आणि पाय वर टाकून पडता येईल असे लांब हात. हातांचे दोन मुख्य प्रकार. पहिल्यात एक मीटरच्या आसपास लांबीची अखंड फळी पुढे रुंद होत गेलेली असते. दुसऱ्यात हाताच्या पोटाखाली एक जोडफळी लपलेली असते; ती एका खिळीभोवती फिरवून पुढे काढायची. काही खुर्च्यांच्या हाताला पेला ठेवायची गोल खाचही असते.

फिरत्या हातांची खुर्ची घेताना सगळं लक्ष त्या खिळीपाशी द्या. जोडफळी बाहेर काढा, हाताच्या खालच्या पृष्ठभागावर टॉर्च तिरकी धरा. खरी वापरातली खुर्ची असेल तर फळीने वर्षानुवर्षं घासून काढलेला कमानीसारखा पट्टा दिसतो: एकात एक अनेक बारीक ओरखडे, सगळ्यांचं केंद्र खिळीपाशी. तिथलं लाकूड बोटाला गुळगुळीत लागतं आणि पट्ट्याच्या कडेला जुना मळ घट्ट बसलेला असतो. सँडपेपरने केलेले ओरखडे सरळ किंवा कसेही जातात, एका केंद्राभोवती फिरत नाहीत. दुसरी खूण खिळीच्या भोकात. माणूस पाय टाकतो तेव्हा फळीचं पुढचं टोक खाली दाबलं जातं, म्हणून भोक फळीच्या लांबीच्या दिशेने लांबट होत जातं. भोक तंतोतंत गोल, वॉशर नवा आणि कमान नाही, असं तिन्ही एकत्र असेल तर जोडफळी नंतर लावलेली आहे किंवा अख्खी खुर्चीच नवी आहे. खिळ सैल होऊन फळी लोंबत असेल तर घाबरू नका. भोकात सागाची गुल्ली चिकटवून नवं भोक पाडलं की काम झालं, अर्ध्या दिवसाचं सुतारकाम. मात्र फळी खिळीपासून रेषेत उभी चिरली असेल तर ती बदलावीच लागते.

आता लाकूड. बहुतेक चांगल्या खुर्च्या सागवानी असतात. कोकण-गोव्याकडे फणसाच्याही दिसतात. फणस नवा असताना पिवळा असतो आणि जुना झाला की तांबूस होतो. जुना साग हाताला किंचित तेलकट लागतो. खालच्या बाजूला नखाएवढी जागा खरवडली की आतून सोनेरी-तपकिरी रंग आणि चामड्यासारखा वास येतो. आंब्याच्या लाकडात सागासारखी स्पष्ट वलयं नसतात, मधेच राखाडी पट्टे असतात आणि वास येत नाही. सध्या जोधपूरहून 'अँटिक फिनिश' म्हणून येणारा बराचसा माल आंब्याचा किंवा शीशमचा असतो. शीशम आणि शिसव एकच नव्हेत. शीशमचा रंग सोनेरी-तपकिरी, शिसव जांभळट-काळं आणि हाताला थंड-जड. दुकानात दोन्हींना 'रोझवूड' म्हणतात, आणि किंमत नेहमी महागड्या लाकडाची सांगतात.

वजनावरून बरंच कळतं. वाळलेल्या सागाचा एक घनफूट साधारण १८ किलो, शिसवाचा २३-२४ किलो. मध्यम मापाची सागवानी खुर्ची १८ ते २२ किलो भरते. १३-१४ किलोच भरली तर लाकूड हलकं आहे किंवा फळ्या पातळ आहेत. हा आकडा लिहून ठेवा, किंमत काढताना लागेल.

पुढचे पाय खरादावर काढलेले असतील तर कॅलिपर लावा. लाकूड लांबीत जवळपास आखडत नाही, आडवं आखडतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही: वलयांच्या कडेने जास्त, वलयांना काटकोनात कमी. म्हणून एके काळी गोल असलेला पाय कालांतराने किंचित लंबगोल होतो. ५० मिलिमीटरच्या पायात अर्धा ते एक मिलिमीटर फरक मिळायला हवा. एकाच उंचीवर दोन दिशांनी माप घ्या. ओलं लाकूड वापरलेली नवी खुर्चीही लंबगोल होते, त्यामुळे ही एकटी खूण पुरावा नव्हे. पण 'दीडशे वर्षां'चा पाय चोहोबाजूंनी बरोबर ५० भरत असेल, तर निदान तो पाय तरी बदललेला आहे.

सांधे बघताना एका भागाची खाच आणि दुसऱ्याचं त्यात बसलेलं टोक, आरपार ठोकलेल्या लाकडी खुंटीसह, असं हवं. जुन्या सांध्यात खुंटीचं डोकं पृष्ठभागापेक्षा केसभर वर आलेलं असतं, कारण भोवतीचं लाकूड आखडलं आणि खुंटी लांबीत आखडली नाही. बोट फिरवल्यावर कळतं. सांध्याच्या कोपऱ्यात लोखंडी कोन ठोकलेला दिसला की समजा सांधा सैल झाला होता आणि कोणीतरी मूळ दुखणं न काढता पट्टी बांधली. कोन काढला की आत चार-सहा स्क्रूंनी चाळण झालेलं लाकूड निघतं. असा एक सांधा चालेल, चारही तसे असतील तर खुर्ची सोडा.

स्क्रू बघा. आडव्या चौफुलीच्या खाचेचा म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. तो मूळ सांध्यात असेल तर खुर्ची त्यानंतरची, दुरुस्तीच्या पट्टीत असेल तर दुरुस्ती त्यानंतरची. एका खाचेच्या स्क्रूत खाच डोक्याच्या मध्यापासून सरकलेली आणि टोक बोथट असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीच्या पद्धतीचा. असे स्क्रू आरामखुर्चीत क्वचितच मिळतात. मिळाले तर भोकही तितकंच जुनं आहे का ते पाहा. जुने स्क्रू चोरबाजारात वजनावर मिळतात.

पॉलिशची परीक्षा पाच मिनिटांची. खालच्या बाजूला पॉलिश लागलेल्या जागी स्पिरिटची काडी १०-१५ सेकंद धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि काडीवर तपकिरी रंग आला तर लाखेचं, म्हणजे चपडीचं पॉलिश. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही रासायनिक पॉलिशं, म्हणजे अलीकडचं काम. अंधारात जांभळी टॉर्च मारली तर लाख नारिंगी चमकते. एका हातावर चमकते आणि दुसऱ्यावर नाही असं दिसलं तर दुसरा हात बदललाय किंवा वेगळा घासलाय. रंगाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: उजेडात राहिलेलं लाकूड आणि झाकलेलं लाकूड सारखं जुनं दिसत नाही. हाताची वरची बाजू, खालची बाजू, चौकटीची आतली कड या तिघींचा रंग वेगळा असायला हवा. सगळीकडे एकसारखा काळपट रंग म्हणजे चहाचं पाणी, परमँगनेट किंवा बुटाचं पॉलिश. पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसलं की बुटाचं पॉलिश फडक्यावर येतं, वाससुद्धा लपत नाही.

कीड लागली असेल तर बहुधा सालीजवळच्या फिकट लाकडात. सागाचा गाभा किडा सहसा खात नाही, फिकट पट्टा मात्र आवडीने खातो. भोकं जुनी आहेत की चालू, हे दुकानात कळत नाही. घरी आणल्यावर खाली काळा कागद पसरून आठ-दहा दिवस ठेवा. पिवळसर पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. तोवर ती घरातल्या दुसऱ्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

भाव कसा काढायचा

लोक 'किती जुनी' यावर भाव ठरवतात. आमचा हिशेब उलटा: आज हीच खुर्ची अशीच बनवून घ्यायला किती लागतील? २० किलोची सागवानी खुर्ची म्हणजे सुमारे १.१ घनफूट लाकूड. कापणीत, रंध्यात आणि बाकदार चौकटीत वाया जाणारं धरून कच्चा माल साधारण १.६५ घनफूट लागतो. घनफुटाचा दर ४,००० धरला तर लाकडाचे ६,६००. सुताराचे पाच दिवस, रोज १,५०० धरून ७,५००. वेताच्या जाळीची भोकं साधारण ३००; भोकामागे १५ रुपये धरले तर ४,५००. पॉलिश ३,०००. एकूण २१,६००. दर तुमच्या गावचे घाला, गणित हेच.

या आकड्याच्या खाली सुस्थितीतली जुनी खुर्ची मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या. दुपटीपर्यंत मागितले तर ते जुन्या सागाचे, घडणीचे आणि वयाचे, मान्य. तिपटीच्या पुढे गेले की दुकानदाराकडे पुरावा मागा: कोणत्या घरातली, जुना फोटो आहे का, जोडीची दुसरी खुर्ची कुठे आहे. जोडी असेल तर एकेकटीच्या दुपटीहून जास्त किंमत योग्य, पण दोन्हींची मापं, खरादाचे वळसे आणि हातांची जाडी जुळली पाहिजे. पुष्कळदा दोन वेगळ्या खुर्च्या एकसारख्या रंगवून 'जोडी' केलेली असते.

वजावट आमच्या अंदाजाने अशी. वेत नवा असेल तर काहीच वजा करू नका. वेत टायरसारखा झिजणारा भाग आहे, मूळ वेत शिल्लक असणं हा योगायोग. एक पाय बदललेला असेल तर चौथा हिस्सा कमी. दोन्ही हात बदललेले असतील तर निम्मी किंमत, कारण या खुर्चीत हात हीच खुर्ची. मेलामाइनचं पॉलिश असेल तर ते काढून पुन्हा चपडी लावण्याचा खर्च वजा. चौकटीच्या कडेची मूळ भोकं बुजवून तयार जाळी प्लायवूडच्या पट्टीने ठोकलेली असेल तर भोकं उघडण्याची मजुरी वजा, आणि चौकट खिळ्यांनी चिरली नाही याची खात्री झाल्यावरच पुढची बोलणी. ऑइलपेंट लावलेला असेल तर तो एका परीने बरा: खालचा पृष्ठभाग अनेकदा कोणी घासलेला नसतो. पण पेंटखाली पुट्टी भरलेल्या चिरा लपतात, म्हणून पेंट केलेल्या खुर्चीचा भाव निम्म्यावरूनच सुरू करा.

आमचं मत: फिरत्या हातांची, सागवानी, मूळ खिळीची खुर्ची या चारही जातींत सर्वोत्तम खरेदी. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जागेसाठी कापला. हात बाहेर काढले की दीड मीटर लांबीला काही कमी पडत नाही, आणि मुंबईतल्या गॅलरीत ती उघडली की दार बंद होत नाही.

वाकवलेल्या लाकडाची झुलती खुर्ची

वेटोळ्या कमानींची, वेताच्या पाठीची, 'व्हिएन्ना' म्हणून विकली जाणारी. मिखाएल थोनेट या जर्मन सुताराने १८४२ मध्ये व्हिएन्नात येऊन वाफेने लाकूड वाकवण्याचं तंत्र पक्कं केलं. १८५६ मध्ये त्याला त्याचा एकाधिकार मिळाला आणि मोरावियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) बीच नावाच्या झाडांच्या जंगलाजवळ कारखाना उभा राहिला. वाफवलेल्या दांड्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी बांधून वाकवायचं, म्हणजे बाहेरचे तंतू ताणून फाटत नाहीत, आतले दाबले जातात, युक्ती एवढीच. १८६० च्या सुमारास याच घराने झुलती खुर्ची आणली. १८६९ मध्ये एकाधिकार संपला आणि नकलाकारांची रांग लागली. त्यांतले सर्वात मोठे याकोब आणि योझेफ कोन. त्यामुळे 'थोनेट' हे नाव ऐकून भुलू नका. बिननावाची प्रत्येक खुर्ची थोनेट नव्हे, आणि कोनची खुर्ची दुय्यमही नव्हे.

छाप कुठे? बैठकीच्या गोल चौकटीच्या आतल्या कडेला, खालून. जळक्या शिक्क्याने उमटवलेला किंवा कागदी लेबल. देशाचं नाव वाचा, तेच तारीख सांगतं. 'ऑस्ट्रिया' असेल तर सहसा १९१८ च्या आधीचा माल. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं आणि कारखाने ज्या गावांत होते ती गावं दुसऱ्या देशांत गेली. 'चेकोस्लोव्हाकिया' किंवा 'पोलंड' लिहिलेलं म्हणजे १९१८ नंतरचं. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल बैठकीच्या काळ्या खुर्च्यांवरही अशी लेबलं सापडतात, आणि तीच लेबलं काढून बिननावाच्या झुलत्या खुर्चीला चिकटवण्याचा धंदाही चालतो. खरं लेबल लाकडाबरोबर म्हातारं झालेलं असतं: कडा पॉलिशखाली गेलेल्या, कागदात लाकडाचा रंग उतरलेला, भोवती मळाची रेघ. गोंदाची ताजी चमक दिसली तर लेबलाचे पैसे देऊ नका, खुर्चीचे द्या.

या खुर्च्यांचं लाकूड बीचचं, आणि ते ओळखायला सोपं. घासलेल्या जागी बारीक, तांदळाच्या तुकड्यांसारख्या तपकिरी रेघा दिसतात. शक्य असेल तिथे तंतूंचा मागोवा घ्या: वाकवलेल्या लाकडात तंतू वळणाबरोबर वळतात. करवतीने वळण कापलेल्या नकलेत तंतू सरळ जाऊन वळणाच्या कडेला तुटतात, आणि खुर्ची मोडते ती नेमकी तिथेच. इथे हलक्या हाताने दाबून बघा. बीच भुंग्यालाही सागापेक्षा फार आवडतं, म्हणून कमानींच्या खालच्या बाजूला पिठाची भोकं हमखास शोधा.

मोडण्याच्या जागा ठरलेल्या: पुढचा पाय खालच्या कमानीला मिळतो ती जागा, आणि कमानीचं मागचं शेपूट. पितळी पट्टी गुंडाळलेली दिसली की आत मोड आहे. जुन्या कारखान्याने स्क्रू आणि नटबोल्टांनीच जोडणी केलेली असते, त्यामुळे स्क्रू असणं दोष नाही. सांध्यांत गोंद ओतलेला असणं दोष. असा सांधा परत सोडवताना लाकडाचा ढलपा निघतो.

झुलवून बघायची पद्धत. सपाट फरशीवर ठेवा, रिकामी सोडा. बैठक किंचित मागे झुकलेली राहायला हवी. पुढे झुकली तर पुढचा भाग बदललेला. मग दहा झोके द्या. खुर्ची एका बाजूला सरकत गेली तर दोन्ही कमानी सारख्या राहिलेल्या नाहीत. कमानींच्या मागच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. ३ मिलिमीटरपर्यंत फरक झिजेचा, त्याहून जास्त असेल तर एक कमान नवी. शेवटी पाठ पूर्ण मागे दाबा. शेपटाचं टोक जमिनीला टेकून खुर्ची थांबली पाहिजे. शेपूट मोडल्यावर कापून गोल केलेल्या खुर्च्या विकल्या जातात, त्यांत म्हातारं माणूस मागे उलटतं. हा दोष दाखवून भाव पाडायचा नसतो, खुर्ची तिथेच ठेवून निघायचं.

कमान मोडली तर नवी वाफेने वाकवून देणारा कारागीर मिळणं अवघड आहे, आणि करवतीने कापलेली कमान फार टिकत नाही. म्हणून निर्णय सोपा: सगळे वाकवलेले भाग अखंड असतील तरच घ्या. वेत फाटलेला, पॉलिश उडालेलं, एखादा नट गेलेला, हे सगळं चालेल. अखंड असेल तर पाचपैकी चार, एक मोड असेल तर दीड.

दांडीची, रूरकीची आणि कोरीव

पाठ बिजागरीवर आणि मागे दांडी अडकवायला तीन-चार दाते, अशा कलत्या खुर्चीला मॉरिस म्हणतात. लंडनच्या मॉरिस कंपनीने ही रचना १८६० च्या दशकात विकायला सुरुवात केली आणि मग जगभर तिच्या आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडच्या सागवानी आवृत्त्या मजबूत असतात. बघायचं एवढंच: दात्यांच्या कडा गोल झिजलेल्या आहेत का, आणि दांडी सरळ आहे का. दाते झिजले की जडशा माणसाच्या भाराने दांडी घसरते आणि पाठ एकदम आडवी होते. गादी नवीच करावी लागेल, तिचा खर्च आधी विचारून घ्या. अनेकदा गादी खुर्चीहून महाग पडते.

सुरुवातीच्या चार जातींबाहेरची रूरकी खुर्ची ही लष्करी छावणीतली, सुटी करून पिशवीत भरता येणारी. नाव उत्तराखंडातल्या रूरकीवरून, तिथल्या लष्करी अभियंत्यांमुळे. पाठ खिळीवर फिरते म्हणून थोडी कलते. डॅनिश रचनाकार कोरे क्लिंट याने १९३३ मध्ये याच धर्तीवर सफारी खुर्ची केली, आणि आज तीच 'डॅनिश' म्हणून परत आपल्याकडे विकली जाते. मूळ रूरकीत सांध्यांना गोंद नसतोच. चिकटवलेली मिळाली तर ती नक्कल.

शिसवाच्या कोरीव खुर्च्या मुंबईत एकोणिसाव्या शतकात भरपूर बनल्या, परदेशात त्यांना 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणतात. देखण्या आहेत, पण बसायला नाहीत. कोरीव पाठ दहा मिनिटांत बोचते. कोरीव कामाच्या खळग्यांत टॉर्च टाका. हाताच्या कामात दोन बाजूंची पानं कधीच हुबेहूब नसतात, यंत्राच्या कामात असतात आणि खळग्याच्या तळाशी एकसारख्या फिरत्या पात्याच्या खुणा राहतात.

वेताची विणाई: ही सेवा नीट घ्या

वेताचं काम हा अनेक वर्षं अंध कारागिरांना शिकवला जाणारा धंदा. बोटांनी ताण ओळखणारा विणकर डोळसापेक्षा सरस ठरतो. पण बाजारात झटपट काम करणारेही आहेत, आणि चांगली जाळी सात टप्प्यांची असते: उभे दोर, आडवे दोर, पुन्हा उभे, मग आडवे विणत नेलेले, दोन्ही तिरपे, आणि शेवटी कडेची किनार. हात आखडणारा विणकर तिसरा टप्पा गाळतो. जाळी लांबून तशीच दिसते, पण सहा महिन्यांत झोळी होते. प्रत्येक चौकोनात उभे दोन दोर आहेत का, मोजा. तिरपे दोर चौकोनांच्या कोपऱ्यांत सरकून बसायला हवेत. चुकीच्या बाजूने गेलेला दोर आडव्याला अडकतो आणि तिथे कापला जातो. नख फिरवलं की अडकणं कळतं.

आरामखुर्चीच्या बाकदार चौकटीत आणखी एक अडचण. लांबीचे दोर फार ताणले तर ते बाकाला सोडून सरळ होतात आणि बैठक मधे फुगते. लांबीचे जरा सैल आणि आडवे घट्ट, असं सांगून काम द्या. भोकं ड्रिलने मोठी करू देऊ नका, मेखेने साफ करा. नायलॉनचा 'वेत' दोन्ही बाजूंनी सारखाच चकाकतो आणि त्यावर गाठी नसतात. उन्हाळ्यात तो पाठीला चिकटतो. नैसर्गिक वेत वीसेक मिनिटं पाण्यात भिजवून विणतात आणि ३०० भोकांच्या खुर्चीला एका माणसाचे तीन-चार दिवस जातात. 'संध्याकाळी देतो' म्हणणाऱ्याकडे चौकट सोडू नका.

जाळी सैल झाली पण तुटली नाही, तर पैसे वाचवा. खुर्ची उलटी ठेवा, जाळीच्या खालच्या बाजूला गरम पाण्याचं ओलं फडकं अर्धा तास पसरा आणि रात्रभर कोणी न बसता सुकू द्या. वेत आखडून ताणला जातो. वरच्या चकचकीत बाजूने पाणी फारसं शिरत नाही, म्हणून खालून.

कुठे घ्यायची

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर सुटे भाग मिळतात ही सर्वात मोठी सोय: मूळ हात, जुनी पितळी दांडी, खरादाचे पाय. अख्खी खुर्ची घेताना हीच गोष्ट अडचणीची, कारण तीन खुर्च्यांची एक झालेली असू शकते. जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात. ओशिवऱ्यात नवं बनवून देणारे कारखाने जास्त. 'जुन्यासारखी करून द्या' सांगितलं तर सांगितल्या मापाने करून देतात, आणि तशी नवी सागवानी खुर्ची नवी म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवारचा. तिथे मोडक्या चौकटी स्वस्त मिळतात, हाताशी चांगला सुतार असेल त्यालाच उपयोग. गोव्यात घरातून थेट मिळाली तर सर्वात खात्रीची, फक्त समुद्राजवळच्या घरांत लोखंडी खिळा गंजून लाकूड काळं पडून चिरलेलं असतं, तो डाग घासून जात नाही.

परदेशी न्यायची असेल त्यांनी पैसे देण्याआधी कायदा बघावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नवी असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र लागू शकतं. शिसव २०१७ पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. वस्तूत शिसवाचं लाकूड १० किलोपर्यंत असेल तर सूट, आणि शिसवाची आरामखुर्ची त्यात बसत नाही. एकच दुकानदार तुम्हाला 'दीडशे वर्षांची' म्हणून बिल देतो आणि कस्टमसाठी 'नवी हस्तकला' लिहून देतो म्हणत असेल, तर दोन्हींतला एक कागद खोटा आहे. साधारणपणे बिलाचा.

टेम्पोत चढवताना हात धरून उचलू देऊ नका. जोडफळ्या आधी काढून वेगळ्या गुंडाळा, खिळी पिशवीत घालून चौकटीला बांधा, आणि खुर्ची बैठकीच्या आडव्या दांड्यांना धरून दोघांनी उचला. वेतावर दुसरं सामान ठेवायचं नाही, हे हमालाला दोनदा सांगा.